हिलाच्या तळघरातलं रॉकेल

बाटलीची मान गालाला लावून वाइन कितपत गार आहे ते सांगणारी एकच बाई मी पाहिली. आमच्या शेजारची, केटर्नांची हिला. तिच्याकडं थर्मामीटर होता, कुठल्याशा खताच्या कंपनीनं भेट दिलेला, पण तो ती लेकीचा ताप बघायला वापरायची. वाइनला गाल. "गाल चपापला पाहिजे मात्तेस, बधिर नाही व्हायला पाहिजे," असं म्हणायची आणि बाटली माझ्या गालाला लावायची. मी एकतीस वर्षं गावाचा पोस्टमन. हिवाळ्यात माझे गाल मुळात बधिरच असायचे. तरी म्हणायचो, "चपापला, चपापला." कारण तसं म्हटल्याशिवाय ग्लास हातात पडायचा नाही.

मोझेल नदी आमच्या गावाला वळसा घालून जाते आणि वळणाच्या आतल्या अंगाला कावळकडा उभा आहे. उतार म्हणायला उतार, खरं तर भिंतच. सगळा पाटीचा दगड. मी शाळेत ज्या पाटीवर अक्षरं गिरवली तोच दगड, फक्त फुटून चकत्या झालेला. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी वेलीच्या पायाशी ओकतो. त्या दगडात दुसरं काही येत नाही. रीसलिंग येते. रीसलिंगच्या द्राक्षाला घाई नाही. बाकीची द्राक्षं तोडून, दाबून, पिंपात पडली तरी ही बया वेलीवर बसून राहते, ऑक्टोबर उलटेपर्यंत. म्हणून तिच्यात गोडीही भरपूर आणि आंबटपणाही भरपूर.

हे समजावून सांगायची हिलाची एक रीत होती. तिची चार महिन्यांची खानावळ असायची. आमच्याकडं द्राक्षवाल्यांना घरातली वाइन घरात बसवून पाजायची मुभा आहे, वर्षातले चारच महिने, आणि माणसंही मोजकीच. दारावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगला की समजायचं, हिलाकडं बसायला जागा आहे. जुडगा उतरला की घर पुन्हा घर. तर तिकडं उत्तरेकडून, कोळशाच्या खाणींच्या मुलखातून, लोक सुटीला यायचे. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन बसले आणि म्हणाले, "बाई, तुमची वाइन गोड असते की आंबट?"

हिला म्हणाली, "तुम्ही दोघं भांडता का?"

गृहस्थ बायकोकडं बघून म्हणाले, "होतं कधी कधी."

"मग तुमचं घर गोड की आंबट?"

बायको एवढी हसली की तिनंच दोन ग्लास मागवले. दुसऱ्या एका पाहुण्यानं वाइनमध्ये टाकायला बर्फ मागितला होता. हिलानं वाडगाभर बर्फ आणून त्याच्या पायाशी ठेवला. "कडा चढून आलात ना? पाय सुजले असतील. लावा."

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ही गोष्ट मी चौदा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. पोस्टमन असून. माझी बायको लेनी अजून विश्वास ठेवत नाही. म्हणते, "तुझ्या पोटात चौदा मिनिटं काही राहत नाही."

हिलाचा नवरा आल्विस. एकोणसाठ साली आमच्याकडं असा उन्हाळा पडला की मोझेल गुडघ्यावर आली, आणि कावळकड्यावरचे मणी सोन्यासारखे पिवळे होऊन वर तपकिरी ठिपके पडले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढून वेलींकडं बघावं असं पीक. त्याच तोडणीत हिलाला मुलगी झाली, रोसविता. आमच्याकडं लेक झाली की बाप त्या सालातल्या बाटल्या लग्नासाठी बाजूला ठेवतो. बहुतेक जण डझनभर ठेवतात आणि त्यातल्या सहा बारशालाच पिऊन टाकतात. आल्विसनं एकशेवीस ठेवल्या. तळघरातल्या सगळ्यात आतल्या कोनाड्यात आडव्या रचल्या आणि खडूनं वर लिहिलं, 'रोसविताच्या लग्नाला. हात लावणाऱ्याचं बोट मोडेल.'

पुढच्या फेब्रुवारीत तो कड्यावरून घसरला. पावसानं खाली आलेली माती आणि दगड आम्ही दर हिवाळ्यात पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेतो. तो टोपली घेऊन चढत होता. बस, एवढंच. रोसविता चार महिन्यांची होती, हिला अठ्ठावीसची.

एप्रिलमध्ये कोवळ्या फुटव्यावर रात्री दव गोठून बर्फ व्हायची भीती असते. त्या वर्षी गावानं पहिल्यांदाच तेलाच्या शेगड्या आणल्या होत्या. वेलींच्या ओळींत लावायच्या, पहाटे पेटवायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला रॉकेलचे डबे आले. हिलाच्या गोठ्यात जागा नव्हती, छपराखाली मेंढीचं खत. ती दारात डब्यांकडं बघत उभी, काखेत रडणारी पोर. मी टपाल द्यायला गेलो होतो. म्हटलं, "तळघरात ठेवू या, दोन दिवसांचा तर प्रश्न." आणि डबे उचलून खाली नेणारा मी. मीच. आल्विसच्या कोनाड्याशेजारी जागा होती, तिथं ठेवले.

आता आमच्या गावात सून घरात आली की सासू तिला पहिला धडा देते तो तळघराचा. तळघरात कांदा न्यायचा नाही, बटाटा न्यायचा नाही, ओलं लाकूड नाही, रॉकेल तर नाहीच नाही. वाइन सगळे वास पिते. हे हिलाला माहीत होतं, मला माहीत होतं. पण बर्फ दोन दिवस पडला नाही, मग आठवडाभर पडला, मग पोर आजारी पडली, आणि डबे राहिले ते सप्टेंबरपर्यंत. काढायला गेलो तर एक गळलेला. खाली ताटाएवढा काळा डाग. हिलानं वर भुसा टाकला, सोड्यानं घासलं, पुन्हा घासलं. वास गेला. आम्हीही विसरलो.

नऊ वर्षांनी रोसविताचा पहिला प्रसाद होता, चर्चमध्ये. पांढरा झगा, हातात मेणबत्ती. घरी सगळे नातेवाईक जेवायला. हिला म्हणाली, "बापाच्या बाटल्यांतल्या सहा आज फोडू या. त्याला चाललं असतं." खाली गेली, मला हाक मारली. एक बूच काढलं, ग्लासात ओतली, हुंगली. मग ग्लास माझ्यापुढं धरला.

रॉकेल.

स्पष्ट. दिव्याची वात खाली केल्यावर येतो तसा. मी पुन्हा हुंगलं, तेच. हिला त्या डागावर उभी होती, पांढऱ्या फुलांचा ब्रोच लावून.

"आपण मुरवलं की रे," ती म्हणाली. "तू आणि मी."

त्या दिवशी पाहुण्यांनी आदल्या वर्षीची वाइन प्यायली आणि वाहवा केली. मला हिलानं जिन्यात शपथ घातली. का, ते कुणालाही कळेल. ज्या बाईच्या तळघरात रॉकेल सांडलंय तिच्या दारावरच्या जुडग्याकडं कोण फिरकणार? तो तर एक भाग झाला. खरा भाग रोसविता. बाप तिला आठवत नव्हता. बापाची तिच्याकडं एकच वस्तू होती, ती म्हणजे त्या एकशेवीस बाटल्या, आता एकशेएकोणीस. गावात कुणी विचारलं की ती टाचा उंचावून सांगायची, "माझ्या लग्नाला माझे बाबा वाइन देणार आहेत."

दुसरी कुणी बाई असती तर रडली असती किंवा बाटल्या नदीत ओतल्या असत्या. हिला तशी नव्हती. तिला वाटलं, वास लागला तसा निघतही असेल. कसा निघतो ते शोधायला हवं. दर ऑक्टोबरला, पोरीच्या वाढदिवशी, ती एक बाटली फोडायची आणि मला टपालाच्या फेरीतून खाली ओढायची. चर्चच्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायची. ती कॅलेंडरं मी पाहिली आहेत. संतांच्या चित्रांमागं सगळं रॉकेल.

पहिल्या वर्षी बाटली विहिरीत सोडून बर्फागत गार केली. वास गेला! आम्ही दोघं जिन्यावर नाचलो. मग घोट घेतला तर बाकीचंही सगळं गेलेलं. नुसता आंबटपणा, पाण्यात लोखंड घातल्यासारखा. ग्लास हातात धरून बसलो तर पाव तासानं रॉकेल हजर. दुसऱ्या वर्षी उलट केलं. चुलीशेजारी ठेवून कोमट केली. ते मी लिहीत नाही. लेनी म्हणाली, "तुझ्या तोंडाला मोटारगाडीचा वास का येतोय?" मी म्हटलं, "ड्रायव्हरशी बोलत होतो."

तिसऱ्या वर्षी ग्लास बदलले. आमच्याकडचे जुने ग्लास जाड हिरव्या दांडीचे, वर गोल वाडग्यासारखे, आणि आम्ही ते काठापर्यंत भरतो. कमी भरलं तर पाहुणा रागावतो. हिलानं डॉक्टरांच्या बायकोकडून पातळ काचेचा, वर निमुळता ग्लास मागून आणला आणि तिसरा हिस्साच भरला. त्यात रॉकेल तर आलंच, पण त्याच्या मागं आणखी काहीतरी आलं. हिला नाक आत घालून बसली. "मात्तेस, जर्दाळू. वाळवलेले. आणि मध. आणि पाऊस पडल्यावरचा दगड."

"आणि रॉकेल," मी म्हटलं.

"ते आहेच. पण बघ, आधी ते येतं, मग बाजूला सरकतं. दारात उभा राहिलेला जाडा माणूस सरकावा आणि मागं घर दिसावं तसं."

एका वर्षी बाटली दोन दिवस उघडी ठेवली. एका वर्षी धुरी दिलेल्या ट्राउट माशाबरोबर प्यायलो, एका वर्षी कांद्याच्या केकबरोबर. ट्राउटबरोबर बरी लागली, बरी काय, फार बरी लागली, मी तिसरा ग्लास मागितला तर हिला डोळे वटारून म्हणाली, "हा प्रयोग आहे, जेवण नाही." बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसायला लागले तेव्हा ती घाबरली, मग एक बाटली दोन दिवस उभी ठेवून बघितली, तर कण खाली बसले आणि चवीला काही झालं नव्हतं. तेही कॅलेंडरवर.

आणि एक प्रयोग तर असा केला की शहाण्या माणसाचा प्रश्न तिथंच मिटला असता. शहात्तर साली तिनं त्याच वर्षी भरलेल्या दोन बाटल्या घेतल्या, बुचाभोवती रॉकेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली आणि मेंढीच्या छपराखाली ठेवल्या. दोन वर्षांनी एक उघडली. मी हुंगलं. हिलानं हुंगलं. काही नाही. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, बस.

मी म्हटलं, "म्हणजे बुचातून जात नाही!"

"दोन वर्षांत नाही गेलं," ती म्हणाली. "आपलं नऊ वर्षं होतं. अजून मुरायचं असेल." आणि दुसरी बाटली पुन्हा चिंधीसकट छपराखाली. चूक आपलीच आहे असं ठरवून बसलेल्या माणसाला पुरावा दिला तर तो पुराव्यालाच उलटतपासणीला बसवतो, हे मी तेव्हा शिकलो.

तिनं आणखी एक गोष्ट टिपली होती, कॅलेंडरच्या अगदी कोपऱ्यात. वाटीत खरं रॉकेल घेऊन शेजारी ठेवलं, तर खरं नाकात चावतं, हे चावत नाही. पुढं प्रश्नचिन्ह.

त्र्याऐंशीच्या वसंतात रोसविताचं ठरलं. मुलगा विनफ्रीड, सार नदीच्या बाजूचा. रोसविता मे महिन्यात लग्न म्हणून मोकळी झाली, आणि हिलाकडं एकशेपाच बाटल्या आणि रॉकेल. एप्रिलमधल्या एका रविवारी व्याही भेटायला येणार होते. ती माझ्या दारात आली.

"मात्तेस, मुलाचा बाप तळघरात काम करतो. मोठ्या इस्टेटीच्या. पस्तीस वर्षं."

"मग?"

"मग काय, नाक असेल ना त्याला! आणि पोरगी म्हणते, व्याह्यांना बाबांची बाटली चाखवायचीच."

"दुसरी दे."

"बुचावर साल असतं, गाढवा."

ठरलं असं की बाटली फ्रीजमध्ये घालायची. हिला, जी फ्रीजला मांसाची पेटी म्हणायची, तिनं आदल्या दिवसापासून बाटली आत घातली, अगदी मागच्या भिंतीला चिकटवून. जुने हिरव्या दांडीचे ग्लास काढले, काठापर्यंत भरायचे ठरवले, म्हणजे लोक पटकन ओठ लावतील. आणि मला बजावलं, "ओतलं की तू लगेच 'चिअर्स' म्हण, सगळे पितील, विषय संपेल. बोलत बसू नकोस. तुझ्या पाया पडते, गोष्ट सांगू नकोस."

व्याह्यांचं नाव आंब्रोस. पिंपासारखा माणूस, पिंपाइतकाच बोलका. दार भरून उभा राहिला, टोपी काढली, "नमस्कार बाई," म्हणाला आणि बसला. रोसविता आणि विनफ्रीड एकमेकांच्या कोपराला कोपर लावून. हिलानं हॅम, पाव, हंसाची चरबी मांडली, मग बाटली आणली. बाहेरून घाम फुटलेली. ओतली. माझ्याकडं बघितलं.

मी "चिअर्स" म्हटलं. सगळ्यांनी घोट घेतला. आंब्रोसनं नाही. त्यानं ग्लास दोन्ही पंजांत धरला, चिमणीचं पिल्लू धरावं तसा, आणि बसून राहिला.

"घ्या ना," हिला म्हणाली. "गरम होईल."

"होऊ द्या," आंब्रोस म्हणाला.

खोलीत शांतता. आणि मला शांतता सोसत नाही, हा माझा जन्माचा रोग. घाबरलो की तर नाहीच नाही. माझ्या तोंडातून निघालं, "तुम्हाला सांगतो, एकदा आमच्या पाद्रीबाबांना टपालानं मधमाश्या आल्या..." टेबलाखाली हिलाची लाथ बसली. पण गोष्ट सुरू झाली की माझ्या हातात राहत नाही. पोळ्याचं पार्सल फुटलं, पोस्ट-मास्तरीणबाई टेबलावर चढल्या, माझ्या सायकलीच्या पिशवीत राणीमाशी, आणि मागं गुणगुणणारा ढग घेऊन मी अख्ख्या गावातून चर्चपर्यंत. दुसरी लाथ बसली ती विनफ्रीडला, मी पाय आखडला होता. तो दचकून "हो आई" म्हणाला. गोष्ट संपायला चांगला पाव तास लागला. आंब्रोस शेवटी हसला, खांदे हलवून, आवाज न करता. मग त्यानं ग्लास नाकाशी नेला.

हिलानं हातातला पाव खाली ठेवला.

"एकोणसाठ," आंब्रोस म्हणाला. मग पुन्हा नाक. "कड्याच्या वरच्या अंगाची. जर्दाळू. मध." आणखी एकदा, डोळे मिटून. "आणि रॉकेल."

हिला उभी राहिली. खुर्ची मागं पडली.

"माझ्या हातनं झालं," ती म्हणाली. "लेकीचा बाप गेला आणि मी त्याच्या बाटल्यांशेजारी रॉकेल ठेवलं. डबा गळला. तळघरात. मला कळत होतं. सासूनं शिकवलं होतं. त्याची एवढीच वस्तू होती आणि मी ती नासवली."

"डबे मी नेले होते," मी म्हटलं.

"तू गप्प रे. तळघर माझं."

रोसविता आईकडं बघत होती. "आई, म्हणून तू माझ्या प्रत्येक वाढदिवसाला लाल नाक घेऊन तळघरातून वर यायचीस? मला वाटायचं, बाबांसाठी रडून येतेस."

"रडून नाही गं. हुंगून."

आंब्रोसनं ग्लास जपून खाली ठेवला आणि मुलाकडं वळला. "विनफ्रीड, गाडीतली पिशवी आण."

पिशवीत लांब मानेची हिरवी बाटली होती. "सुनेच्या जन्मसालची," आंब्रोस म्हणाला. "आमच्यात मुलाकडचे आणतात. लग्नात द्यायची होती, पण आता लागतेय." मग तो पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलला. "बाई, आमच्या इस्टेटीच्या तळघरात माझ्या आज्याच्या काळापासून विजेचे दिवे आहेत. रॉकेल दाराच्या आत येत नाही. मी स्वतः येऊ देत नाही. ही बाटली तिथून हललेली नाही." त्यानं बूच काढलं, थोडं ओतलं, ग्लास पुढं केला. "हुंगा."

हिलानं हुंगलं. मग ग्लास दूर धरून बघितला, जसं काही वास डोळ्यांना दिसेल. पुन्हा हुंगलं. मला दिला. मी हुंगलं.

तेच. तोच जाडा माणूस दारात.

हिला आंब्रोसकडं बघत राहिली. मग हळू आवाजात, अगदी सहानुभूतीनं म्हणाली, "तुमचाही डबा गळला होता का?"

रोसविताला ठसका लागला. विनफ्रीड टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. आंब्रोसचे खांदे पुन्हा हलले, पण डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

"कुणाचाच नाही गळत," तो म्हणाला. "हा रीसलिंगचा स्वतःचा वास. तुम्ही वाइन कोवळी असताना विकता, पिऊन टाकता, तिला म्हातारी होऊ देत नाही. मग कसा कळणार? उन्हाळा कडक पडला, मण्यांच्या सालीला ऊन लागलं, की ती ते ऊन आत कुठंतरी ठेवते आणि दहा वर्षांनी असं बाहेर काढते. का, ते मला विचारू नका. मी शिकलेला नाही. मी हुंगतो." मग हिलाच्या ग्लासाकडं बोट करून म्हणाला, "एकच चूक केलीत. तिला मारून टाकायला निघाला होतात. एवढं गार कुणी करतं?"

हिला म्हणाली, "म्हणजे आल्विसची वाइन..."

"मी पस्तीस वर्षांत याच्याहून चांगली तीनदा प्यायलो असेन."

ती मटकन बसली, आणि खुर्ची मघाशी पडली होती हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. जमिनीवरूनच ती ओरडली, "मात्तेस! चिंधीची बाटली!"

मी छपराखाली धावलो. सात वर्षांची चिंधी, वर कोळिष्टकं, चिंधीला रॉकेलचा अजून मंद वास. बूच काढलं. पाचही जणांनी हुंगलं. सफरचंद, लिंबाची साल, थोडा मध. रॉकेलचा मागमूस नाही. हिला हसता हसता कॅलेंडर शोधायला गेली, तेवढं लिहून ठेवायला.

मग आंब्रोस उठला, ग्लास घेतला, हिलाच्या हातात हात अडकवला, आमच्याकडं 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं असलं की असं कोपरात कोपर घालून पितात. "मी आंब्रोस," तो म्हणाला.

"मी हिला. आणि तू हे मला चौदा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस रे?"

"तू विचारलं कुठं होतंस?"

खरंच होतं. एवढ्या प्रयोगांत तेवढाच एक राहिला होता, कुणाला तरी विचारायचा.

मे महिन्यातलं लग्न गावात लोक अजून आठवतात. बाटल्या दोन दिवस आधी उभ्या केल्या होत्या, कण खाली बसावेत म्हणून. फ्रीजला हिलानं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. बाटल्या थेट तळघरातून, जेवणाच्या जरा आधी, एकेक तिच्या गालाला लावून. पातळ ग्लास तिनं तीन गावांतून गोळा केले होते, तिसरा हिस्सा भरलेले. काठापर्यंत भरले नाहीत म्हणून म्हातारे कुरकुरले. "बापाचं दान आहे, घोट घोट घ्या," ती म्हणाली. पहिल्यांदा ट्राउट आला.

रोसवितानं पहिला ग्लास उचलला. आई म्हणाली, "थांब. लगेच नको. आधी हुंग." पोरीनं नाक आत घातलं, बराच वेळ काढलं नाही. वर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा तर चांगलेच तिखट होते की." हिला वळली आणि पदार्थ आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. परत आली ती बाटली घेऊन.

आणि मग ती टेबलाटेबलानं फिरली. जे चौदा वर्षं जिन्यात शपथ घालून लपवलं, ते आता प्रत्येकाला वाकून विचारत होती. "येतोय ना? रॉकेलचा? येतोय ना वास?" सावकारीण असल्यासारखी छाती पुढं काढून. डॉक्टरांची बायको म्हणाली, येतोय. पाद्रीबाबा म्हणाले, बाळा, माझ्या नाकाला सर्दी आहे, पण तू म्हणतेस म्हणजे येतच असेल. कोपऱ्यातल्या टेबलावर विनफ्रीडचे दोन मामा बसले होते, त्यांनी हुंगून माना हलवल्या. नाही बुवा, काहीच नाही.

हिलानं त्यांचे ग्लास तळहातांनी चाचपले. "गार आहेत अजून," ती म्हणाली, आणि सभागृहाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "मात्तेस! इकडं ये. या दोघांना मधमाश्यांची गोष्ट सांग. पूर्ण सांग!"